मान

दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मान सरळ असलेली मला आठवत नाही. जव्हारच्या बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर त्यांचं पायमशीन, आणि मशीनवर ते वाकलेले. आश्रमशाळेचे गणवेश, ब्लाउज, दप्तरांचे तुटलेले बंद, लग्नसराईत नवरदेवाचा सदरा. जूनमध्ये झड ओट्यावर यायला लागली की मशीन हातभर आत सरकायचं, माणूस वाकलेलाच. शाळेत 'मान मोडून काम करणे' हा वाक्प्रचार आला, तेव्हा तो शिंप्यांनीच काढला असणार अशी माझी खात्री होती.

पदवीनंतर मी मुंबईला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकायला गेले आणि त्यात वेशभूषा धरली, तेव्हा आत्या म्हणाली, "घरात मशीन असताना शिवण शिकायला मुंबईला?"

"शिवण नाही गं आत्या. नाटकातले, सिनेमातले कपडे."

"म्हणजे सोंगांची कापडं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिने एका वाक्यात उरकला होता. मला राग आला होता. आता येत नाही.

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यातल्या रात्री बोहाडा होतो. गणपती येतो, शारदा येते, मग एकामागून एक देव, दैत्य, राक्षस मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर पावलं टाकत येतात आणि अंधारात निघून जातात. शेवटी देवी आणि महिषासुर. मुखवटे हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. जव्हारजवळच्या रामखिंडीत ते करणारे हात आहेत. आमच्याकडे कोणी 'मुखवटा घातला' म्हणत नाही. 'सोंग घेतलं' म्हणतात, 'सोंग नाचवलं' म्हणतात. आणि कोणतं सोंग कोणत्या घरानं घ्यायचं हे वाडवडिलांपासून ठरलेलं असतं. त्याला म्हणतात सोंगाचा मान. या घराला एका देवाचा मान, त्या घराला एका राक्षसाचा. राक्षसाच्या मानाला देवाच्या मानापेक्षा कमी समजत नाहीत, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं आणि मला फार आवडलं.

आमच्या घराला कुठल्याच सोंगाचा मान नव्हता. आमच्याकडे यायची ती सोंगांची कापडं. घामाने आंबलेली, तेलाच्या वासाची, मशालीच्या ठिणग्यांनी भोकं पडलेली. दादा ती दिवसा शिवायचे नाहीत. दिवसा गणवेश; सोंगाचं कापड रात्री, दुकान मिटल्यावर, कंदिलाच्या उजेडात. मी लहान असताना विचारलं होतं, दिवसा नीट दिसतं, तेव्हा का नाही शिवत? ते म्हणाले, "हे दिवसा नेसणार आहे का कोणी?" कंदिलापाशी चार लाल चिंध्या धरून बघायचे आणि पाचवीच उचलायचे. सकाळी ते ठिगळ उन्हात बघितलं तर किती विटकं, किती चुकीचं दिसायचं! रात्री मशालीसमोर मात्र सापडायचं नाही.

पुढे विद्यापीठात एका दुपारी आमच्या बाईंनी प्रयोगशाळेसारख्या काळ्या खोलीत लाल साडीवर हिरवा दिवा टाकला. साडी काळी पडली. वर्गातून 'ओह' असा आवाज आला. मी गप्प होते. मला कंदील आठवत होता, आणि आपण इथे शिकायला येण्याआधीच निम्मं शिकून आलो होतो, पण त्याला विषय म्हणतात हे ठाऊक नव्हतं, असं काहीसं वाटून घसा दाटला होता.

त्या वर्गात पहिल्यांदा 'आहार्य' हा शब्द भेटला. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. म्हणजे कपडे, दागिने, रंग, मुखवटे यांनाही अभिनयच म्हटलंय. अभिनयावर चढवलेली सजावट नव्हे. ही गोष्ट मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केली. पण मला हलवून सोडलं ते त्याच भागातल्या एका अगदी व्यवहारी सूचनेनं. नटाला अंगभर जड दागिने घालू नका, तो दमेल, घामाघूम होईल, त्याला मूर्च्छाही येईल. तेव्हा खऱ्या सोन्याऐवजी लाख, अभ्रक अशा हलक्या वस्तूंचे करा. मुखवट्यासाठी कापडावर बेलफळाचा गर लावायची कृतीही तिथेच आहे. इतक्या जुन्या ग्रंथात रसाची, भावाची चर्चा असणार हे ठाऊक होतं. त्यात नटाच्या मानेची काळजी असेल असं वाटलं नव्हतं. कोणीतरी कधीतरी रंगमंचाच्या मागे उभं राहून घेरी आलेला राजा सावरला असणार, त्याशिवाय असं वाक्य लिहिलं जात नाही.

बोहाड्यात सोंग घेणारा माणूस आधी डोक्याला कापड गुंडाळतो, मग मुखवटा चढवतो, मग हनुवटीखालून आवळून बांधून घेतो. भार सगळा मानेवर येतो. डोळ्यांच्या भोकांतून समोरचं थोडं दिसतं, पायाखालचं काहीच नाही. पाय अंदाजाने पडतात, मशालवाल्याच्या भरवशावर. म्हणून सोंगांची चाल तशी असते, जरा अडखळून मग ठाम. बाहेरचे लोक त्याला नृत्याची शैली म्हणतात. असेलही. पण ती शैली आधी मानेला सापडली आणि मग पायांनी उचलली, असं मी माझ्या पहिल्या निबंधात लिहिलं होतं. गुण बरे मिळाले.

आमच्याकडची एसटी मोखाड्यावरून त्र्यंबकला जाते. त्र्यंबकला १८७० साली धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. वर्गात 'राजा हरिश्चंद्र' हा १९१३ सालचा चित्रपट शिकवताना सगळे दादासाहेब फाळक्यांच्या कॅमेऱ्याबद्दल बोलत होते. मी तारामतीकडे बघत होते. तारामती झाले होते अण्णा साळुंके. कोणी बाई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती, म्हणून खाणावळीत काम करणारे साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच. एकच गळा, एकच खांदे. राम आणि सीता यांच्यामध्ये होतं ते फक्त कापड, आणि कापडामुळे बदललेला मानेचा कल. माझ्या वर्गातल्या मुंबईच्या मुलांना हे फार नवलाचं वाटलं. मला वाटलं नाही. आमच्याकडे शारदा नाचवणारा बाप्याच असतो. त्र्यंबकच्या माणसाला यात काही चमत्कारिक वाटलं नसेल, असा माझा आपला एक अंदाज. पुरावा काही नाही, एसटीचा रस्ता तेवढा आहे.

वेशभूषा म्हटलं की आपल्याकडे दोन नावं येतात. एक बालगंधर्व. त्यांच्या भरजरी शालूंच्या, खऱ्या दागिन्यांच्या, अत्तराच्या गोष्टी प्रत्येक घरातल्या एका तरी आजोबांनी सांगितलेल्या असतात. कंपनीवरच्या कर्जाची गोष्ट ते हळू आवाजात सांगतात. भरतमुनींनी सांगितलेली लाख बालगंधर्वांना पटली नसती. दुसरं नाव भानू अथय्या. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली मुलगी, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेली, प्रोग्रेसिव्ह चित्रकारांबरोबर चित्रं मांडलेली. 'गांधी'साठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह तिला ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती. बाईंनी त्या चित्रपटावर आम्हाला एकच प्रश्न दिला होता: ज्या नायकाच्या अंगावरचे कपडे चित्रपटभर कमीच होत जातात, त्याच्या वेशभूषेला ऑस्कर का?

मी रात्रभर विचार केला. बॅरिस्टरचा सूट, ताठ कॉलर, टाय, मग काठेवाडी अंगरखा आणि पागोटं, मग धोतर, शेवटी पंचा. पहिल्या कपड्यात मान कॉलरने धरलेली असते, शेवटच्या कपड्यात ती धरायला काहीच उरत नाही. आणि त्याच्या अंत्ययात्रेत लाखोंचा जमाव. तो पडद्यावर एका कापडासारखा दिसतो, पण त्यातली प्रत्येक टोपी, प्रत्येक मुंडासं कोणीतरी हिशेबात धरलेलं असतं. असं काहीतरी लिहिलं. भानूताईंनी २०१२ साली ते ऑस्कर सांभाळण्यासाठी अकादमीकडे परत पाठवलं. बाहुली पावणेचार किलोच्या वरच भरते. वेशभूषेसाठी दिलेल्या त्या बाहुलीच्या अंगावर मात्र तलवारीखेरीज काही नाही, ही गंमत मी उत्तरात लिहिली नाही, कँटीनमध्ये सांगितली.

एक प्रसंग मात्र गमतीने सांगता येत नाही. मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या भागात एका चित्रपटाचं चित्रीकरण होतं. कोणत्या, ते राहू दे. मला ओळखीने ड्रेस विभागात आठवडाभर हाताखाली काम मिळालं होतं. पैसे नव्हते, अनुभव होता. गावातल्या पंचवीस-तीस बायका-माणसांना गर्दीसाठी बोलावलं होतं. बायका येताना नीट आवरून आल्या होत्या. कोणी आईच्या पेटीतलं गुडघ्यापर्यंत नेसायचं लुगडं काढलं होतं, कोणी जुनी फडकी घेतली होती. कारण निरोप तसाच होता, तुमचे पारंपरिक कपडे. मग मुंबईहून आलेलं गाठोडं सुटलं. त्यात वाघाच्या ठिपक्यांचं कापड होतं. वाघाला पट्टे असतात, हे सांगायची माझी हिंमत नव्हती. प्लॅस्टिकच्या कवड्यांच्या माळा होत्या, कोंबडीची रंगवलेली पिसं होती. ते सगळं मला वाटायचं होतं. मी वाटलं. एका म्हातारीनं ती पिसांची टोपी हातात घेतली, आतून-बाहेरून बघितली, शिवण तपासावी तशी, आणि मला विचारलं, "पन ह्या सोंग कोनाचा?"

प्रश्नात कुचका सूर नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या आयुष्यात निनावी सोंग कधी आलंच नव्हतं. प्रत्येक सोंगाला नाव असतं, घर असतं, चाल असते, त्याचा ठरलेला ताल असतो. हे कोणाचं म्हणून नाचवायचं? मी काहीतरी पुटपुटले आणि मान खाली घालून पुढच्या बाईला माळ दिली.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला बाई म्हणाल्या, तुमच्या तालुक्यात घडलेला एक प्रसंग घ्या, त्यातल्या दोन माणसांचे कपडे करा, आणि दोघांना नाव असू द्या. शेवटची अट त्यांनी बहुधा सगळ्यांनाच घातली असेल. मला ती एकटीला घातल्यासारखी लागली.

मी शिरपामाळ घेतला.

जव्हारजवळच्या या माळाला नाव मिळालं ते एका दागिन्यामुळे. परंपरा अशी, की १६६३ साल सरता सरता शिवाजी महाराज सुरतेच्या वाटेवर इथे थांबले, जव्हारचे मुकणे राजे विक्रमशहा त्यांच्या भेटीला आले आणि त्यांनी महाराजांच्या मस्तकावर शिरपेच चढवला. शिरपेचाचा तो शिरपामाळ. जानेवारी १६६४ च्या पहिल्या आठवड्यात महाराज सुरतेच्या वेशीवर होते. गावांना नावं देवांवरून, झाडांवरून, पाण्यावरून पडतात. टोपीत खोवायच्या वस्तूवरून पडलेलं नाव मला तरी दुसरं आठवत नाही. वेशभूषा शिकणाऱ्या मुलीचं हे माहेर!

मग बसले शोधायला. माळाच्या नावाखेरीज माझ्या हाती काहीच नव्हतं. शिरपेचात हिरा होता की पाचू, तुरा होता की मोत्यांचा झुबका, नावात ते कुठे असतं? महाराजांच्या चित्रांकडे वळले. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो जिरेटोप. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांनी आणि दर दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांनी पक्का केलेला. युरोपातल्या संग्रहांमध्ये जी जुनी लघुचित्रं आहेत, त्यांत डोक्याला घट्ट बसणारं पागोटं आहे, त्यावर मोती, तुरा. अंगात पायघोळ झगा, कमरेला शेला. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं, त्याआधी भलत्याच माणसाचं चित्र महाराज म्हणून छापलं जात होतं. म्हणजे कपड्यांवरून ओळखण्यात एक आख्खा समाज चुकू शकतो. याने मला धीर आला.

पण चित्रातला झगा दरबारातला. माझ्या प्रसंगात महाराज घोड्यावरून आलेत, पौषाची थंडी आहे, घाटांची धूळ आहे. सुरतेतल्या इंग्रजांचा पाद्री एस्कॅलियट याने त्याच जानेवारीत लिहिलेलं पत्र वाचायला मिळालं. त्यात महाराजांच्या शरीराचं वर्णन आहे: उंची बेताची, पाद्र्याहूनही थोडी कमी, बांधा ताठ आणि नेटका, बोलताना हसल्यासारखा चेहरा, नजर तीक्ष्ण. शत्रूच्या गोटातला मजकूर, पण मापं घ्यायला शिंप्याला इतकं पुष्कळ झालं. ताठ, हा शब्द मी वहीत मोठ्ठा लिहिला.

दादांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना महाराजांच्या झग्यात काही रस दिसला नाही. त्यांनी विचारलं, "शिरपेच घालणाऱ्याचा अंगरखा कसा करतेस?"

"म्हणजे?"

"तो हात वर करणार ना? दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत? मग काखेत चौकोनी तुकडा घाल. नाहीतर ऐन वेळी टर्र."

चार महिने मी पाहुण्याचा विचार करत होते. दादांनी यजमानाची काख बघितली. त्या रात्री मी पहिल्यांदा विक्रमशहांना माणूस म्हणून बघितलं. या गादीच्या मूळ पुरुषाची, जयबा मुकण्यांची, एक कथा आमच्याकडे सांगतात: त्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी डोंगर वेढला. अशीच कथा दूर कार्थेजच्या राणीबद्दलही सांगतात, हे पुढे कळलं. मला त्यात आवडते ती कात्री. त्या घराण्यातला हा राजा सुरतेवर निघालेल्या पाहुण्यासमोर हात उंचावून उभा. मान द्यायला हात वर करावे लागतात. घेणाऱ्याला क्षणभर मान वाकवावी लागते. पण पाहुणा उंचीने बेताचा, आणि ताठ. मग वाकलं कोण? बहुधा कोणालाच वाकावं लागलं नसेल. मी तसंच रेखाटन केलं: दोघांच्या माना सरळ, एकाचे हात वर, काखेत चौकोनी तुकडा.

'शिरपेच' हा शब्द मुळात फारशी. सर म्हणजे डोकं, पेच म्हणजे वेढा, पीळ. मराठीने सरचं शिर केलं आणि पेचाला अडचण हा अर्थही ठेवून घेतला. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं. विक्रमशहांना राज्य सोडून जावं लागलं. शिरपेचानंतर साडेआठ वर्षांनी. माझ्या रेखाटनातले ते वर केलेले हात मी हे वाचून खोडले नाहीत, पण बाहीचा रंग बदलला. जरा कमी उजळ केला. प्रसंगाच्या दिवशी त्या माणसाला पुढचं काय ठाऊक असणार, असं बाई म्हणाल्या. बरोबर होतं. मी पुन्हा उजळ केला.

नमुना तयार झाला तो दिवाळीच्या सुट्टीत, दादांच्या मशीनवर. पागोट्याला मलमल, आत आधाराला चिंध्यांची चुंबळ. आमच्याकडच्या बाया पाण्याच्या हंड्याखाली ठेवतात तशीच. शिरपेच पितळी तारेचा, काचेच्या मण्यांचा, वर बगळ्याचं म्हणून बाजारातलं पांढरं पीस. किराणा दुकानाच्या काट्यावर तो दोनशे ग्रॅम भरला. भरतमुनी चालवून घेतील, असं वाटलं. पण वाऱ्यात टिकतो का ते बघायचं होतं, आणि वारा शिरपामाळावर. संध्याकाळी दादांना सायकलवरून उतरवून थेट तिथे नेलं. स्मारकाशी मुंबईहून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. आम्ही जरा कडेला, गवतात उभे राहिलो. गवत पिकून पिवळं पडलेलं, समोर डोंगरांच्या रांगा एकीमागे एक, शेवटची आहे की नाही इतकी फिकट.

डोकं मला दादांचंच मिळण्यासारखं होतं. ते आधी नाही म्हणाले. मग इकडे-तिकडे बघून म्हणाले, "लवकर कर."

मी पागोटं बसवलं. शिरपेच बांधायला हात वर केले. माझ्या पंजाबी ड्रेसची शिवण काखेत कुरकुरली. वाऱ्याने पीस लववलं, सोडलं, पुन्हा लववलं. दादा हलेनात.

"जड होतंय का?"

"जड नाही."

"मग खाली बघा बरं."

"बघता येत नाही," ते म्हणाले. "पुढे येतं ते. बघितलं की पडणार."

ते समोर बघत उभे होते, डोंगरांकडे. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. हनुवटीखाली, वर्षानुवर्षं मिटलेल्या घडीत, कातडीची एक फिकी रेघ होती. तिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं.

"बोटभर मागे घे," ते म्हणाले. "आणि दोरा मेणाचा लाव. साधा या वाऱ्यात कापेल."

त्यांनी सदऱ्याच्या पट्टीत टोचलेली सुई चाचपडून काढली, खिशातून रीळ काढलं आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं.

"ओव."